न विचारता बदललेला साबण

मी ज्या कंपनीत काम करते ती लोकांच्या घरी किराणा पोचवते. दुकान नाही, नुसतं अ‍ॅप आणि व्हॅन. माझ्या टीमकडे घरात लागणाऱ्या वस्तू आहेत: कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण, टॉयलेट पेपर, कचऱ्याच्या पिशव्या. लोकांनी त्यातल्या त्यात कमी प्लास्टिकच्या, पर्यावरणाची कमी नासधूस करणाऱ्या वस्तू घ्याव्यात, आणि त्यासाठी त्यांना कुणी भाषण देऊ नये, हे आमचं काम. ऑफिसात याला 'नज' म्हणतात. शेजारच्याला कोपराने हलकेच ढोसावं, तसं. रिफिलचा पाऊच स्क्रीनवर वर दाखवायचा, प्लास्टिकची मोठी बाटली खाली ढकलायची. 'तुमच्या भागात बरेच जण हे घेतात' अशी एक ओळ टाकायची. कुणावर जबरदस्ती नाही, बाटली हवी त्याला बाटली मिळते, फक्त जरा शोधावी लागते.

नागपूरला आईला हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दुकानदार नाही का, जो माल खपवायचा तो पुढे मांडून ठेवतो."

"हो, तेच. फक्त चांगल्या कारणासाठी."

"तोही असंच म्हणत असेल," आई म्हणाली आणि वेगळ्या विषयावर गेली.

घरीही मी हा प्रयोग केला होता. माझा नवरा पुण्याचा, फायनान्समध्ये आहे, आकड्यांच्या बाबतीत अतिशय काटेकोर. पण ओट्यावर चहाचा थेंब सांडला तरी किचन रोलचे चार कागद ओढणार. मी एके दिवशी रोल उचलून वरच्या कपाटात ठेवला आणि सिंकजवळ हुकाला तीन फडकी टांगली. बोलले काहीच नाही. महिन्याभराने तो म्हणाला, "हल्ली आपल्याकडे किचन रोल संपतच नाही. मोठा पॅक आणलास का?" मी हसत हसत सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं की."

"सांगितलं होतं. चारदा."

"मग पाचव्यांदा सांगायचं," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. मी ही गोष्ट ऑफिसात गंमत म्हणून सांगितली, लोकही खूप हसले. त्याला नेमकं काय लागलं होतं याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आम्ही लंडनच्या वायव्य टोकाला, स्टॅनमोरला राहतो, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, एका जुन्या तीन मजली ब्लॉकमध्ये. आमचा फ्लॅट सगळ्यात वर. तळमजल्यावर डाव्या हाताला एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. पहिलं वर्षभर आमची ओळख 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेली नव्हती. आखूड पांढरे केस, इस्त्रीचा स्कर्ट, हातात काठी. दाराच्या चौकटीला एक छोटी डबी तिरकी ठोकलेली होती, त्यावरून त्या ज्यू आहेत एवढं कळलं होतं. एकदा मी खाली आमची पोस्ट चाळत उभी होते आणि फोनवर आईला भाजणीचं प्रमाण विचारत होते. बाई दार उघडून बाहेर आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "धने जास्त भाजू नकोस. कडू लागते मग."

फोन हातातून पडायचाच बाकी राहिला.

त्या मुंबईच्या, माझगावच्या. बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. लग्न होऊन विशीत इकडे आल्या, त्याला साठ वर्षं होत आली. नवरा वारला होता, एकुलता मुलगा मँचेस्टरला होता. त्यांच्या ओळखीपाळखीत आता मराठी बोलणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. पुढची पिढी सगळी इंग्रजीत. त्यांचं स्वतःचं मराठीही एका बाजूने झिजलं होतं. निवडणं, पाखडणं, कालवण, फोडणी सगळं शाबूत, पण बँक, डॉक्टर किंवा कौन्सिल म्हटलं की गाडी इंग्रजीत जायची. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. माझी दहा वर्षांची मुलगी त्यांना आजी म्हणते, आणि "आजी आला", "आजी गेला" असं म्हणते, कारण मराठीत कोण आला आणि कोण आली हे तिला अजून जमत नाही. मावशी तिला न रागावता दरवेळी सुधारायच्या. वर्षभरात त्यांनी त्यांच्या घराची एक किल्ली मला देऊन ठेवली, असू दे म्हणून.

गेल्या वर्षी आमच्या टीमने एक मोठं काम केलं. आमच्या बऱ्याच ग्राहकांची 'नेहमीची यादी' ठरलेली असते. ती एकदा करून ठेवली की दर आठवड्याला सामान आपोआप येतं, अ‍ॅप उघडायचीही गरज नाही. माझी कल्पना अशी होती की या याद्यांमधली कपडे धुवायच्या लिक्विडची मोठी बाटली काढून तिथे त्याच कंपनीचा, त्याच लिक्विडचा रिफिल पाऊच टाकायचा. आठवडाभर आधी ईमेल जाईल. ज्याला नको असेल त्याने एक बटण दाबायचं, बाटली परत. ज्याने काही केलं नाही त्याला पाऊच.

बहुतेकांनी काही केलं नाही. ऑफिसातल्या आलेखावरची पाऊचची रेघ एका आठवड्यात सरळ वर गेली आणि तिथेच राहिली. माझी मॅनेजर माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान आहे, सायकलने ऑफिसला येते आणि या विषयाबद्दल तिला खरी कळकळ आहे. तिने टीमसाठी केक मागवला. "लोकांना बदल हवाच होता," ती म्हणाली, "आपण फक्त वाट सोपी केली." मी केकचे दोन तुकडे खाल्ले.

साधारण महिन्याने, एका गुरुवारी दुपारी, मी घरून काम करत होते. मावशींचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू.

"बिझी आहेस का?"

"नाही मावशी. काय झालं?"

"पडले नाहीये. पण उठता येत नाहीये. किल्ली घेऊन ये. आणि चपला घालूनच ये, अनवाणी नको."

मी धावत खाली गेले. मावशी स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसल्या होत्या. वॉशिंग मशिनपासून त्यांच्या पायांपर्यंत निळ्या रंगाचा दाट, चकचकीत ओघळ पसरला होता. काठी त्या ओघळात पडली होती. बाजूला किचनची कात्री आणि आडवा झालेला एक पाऊच. तो पाऊच मी लांबूनही ओळखला असता. त्याच्यावरच्या हिरव्या पानाचा आकार कसा असावा यावर आम्ही तीन मीटिंगा केल्या होत्या.

मी पाण्याची बादली भरायला वळले, तशा त्या म्हणाल्या, "पाणी नको ओतू, फेस होईल. खालच्या खणात चिंध्या आहेत, आधी त्याने टिपून घे."

खण उघडला. जुन्या चादरी सरळ रेषेत फाडून, घडी घालून, आकाराप्रमाणे रचून ठेवल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात किचन रोल नव्हताच. सिंकवर एका दोरीला धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या चिमट्यांनी वाळत घातल्या होत्या. मी याआधी दहा वेळा तिथे बसून चहा प्यायले असेन, पण त्या पिशव्या मी तोवर नीट बघितल्या नव्हत्या.

मी गुडघ्यावर बसून टिपायला लागले. मावशी वरून सांगत होत्या काय झालं ते. शुक्रवारच्या संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाला टेबलावर घालायचा पांढरा टेबलक्लॉथ त्या गुरुवारी धुतात. जुनी बाटली संपली म्हणून त्यांनी ती नीट धुऊन रिसायकलिंगच्या निळ्या बिनमध्ये टाकून दिली होती. तिच्या जागी वापरायला होती ती चार आठवड्यांपूर्वी आलेली ही पिशवी. पिशवीचा कोपरा फाडायला त्यांच्या संधिवाताच्या बोटांत जोर नाही. म्हणून कात्री लावली. कापल्यावर ती गिळगिळीत पिशवी हातात उभीच राहीना, आणि ओतायला घरात बाटली नाही. थेट मशिनच्या खणात ओतायला गेल्या आणि ती सटकली.

"मी ही मागवली नव्हती," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "निदान मला तरी तसं वाटतं."

मी वर बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"मुलाला फोन केला होता, पिशवी आली त्या दिवशी. तो म्हणाला, मम, यू मस्ट हॅव प्रेस्ड समथिंग. मी म्हटलं, मी तर त्या अ‍ॅपला हातसुद्धा लावत नाही, तूच सगळं करून दिलंयस. तो म्हणाला, मग मीही काही बदललं नाही, ते आपोआप कसं बदलेल? मग गप्प झाला. तो गप्प झाला की मला कळतं त्याच्या मनात काय आहे." त्यांनी हातातला रुमाल उलगडला, परत घडी केली. "माझ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. तीही म्हणायची, मी हे केलंच नाही. पुढच्या आठवड्यात त्याने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे. मेमरीसाठी."

माझा हात थांबला. मला आठवतं, त्या क्षणी पहिला विचार आला तो असा की हे सांगितलं नाही तरी चालेल. लादी पुसून होईल, मी त्यांना एक बाटली आणून देईन, बदललेली यादी माझ्याच फोनवरून पूर्ववत करून टाकेन. हा विचार किती वेळ टिकला ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण आला होता.

"मावशी, तुम्ही काही दाबलं नाही. ते आम्ही बदललं."

"आम्ही म्हणजे?"

"माझ्या ऑफिसने. म्हणजे मीच. ती कल्पना माझी होती."

मी सगळं सांगितलं. याद्या, पाऊच, ईमेल. ईमेल अर्थातच मुलाच्या पत्त्यावर गेली असणार आणि जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडली असणार. मी बोलत असताना त्यांचा चेहरा आधी सैल झाला. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि चक्क हसल्या.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"अगदी."

मग त्या पुन्हा माझ्याकडे बघायला लागल्या आणि हसू हळूहळू गेलं.

"मग मला विचारलं का नाहीस? तू तर वर राहतेस."

"मावशी, एवढ्या लोकांना एकेकाला कसं विचारणार?"

"तुमचा व्हॅनवाला दर बुधवारी माझ्या दारात येतो. हाऊ आर यू म्हणतो, पिशव्या ओट्यापर्यंत आणून देतो. त्याला विचारता येत नाही?" मी चिंधी बदलली. "चार आठवडे मी रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घेते आहे. आज वार कुठला, काल काय जेवले. तुम्ही तिकडे बसून माझ्या घरातली वस्तू बदलता आणि मला वाटतं माझंच काहीतरी बिघडलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी लादी पुसत राहिले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या फोनवरून मुलाला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "हे त्याला सांग. मी सांगितलं तर तो मान डोलावेल नुसती."

मी त्यांच्या मुलाशी त्याआधी कधी बोलले नव्हते. पन्नाशीच्या पुढचा, शांत आवाजाचा माणूस. मी इंग्रजीत सगळं पुन्हा सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी तिला एकटं राहू नकोस म्हणून सांगायला सुरुवात केली होती." आणि मग, "आईला फोन द्या प्लीज." मावशींनी फोन कानाला लावला आणि मला हाताने जा म्हणून खूण केली. जाताना मी टेबलक्लॉथ उचलला. संध्याकाळपर्यंत आमच्या मशिनमध्ये धुऊन, इस्त्री करून परत नेऊन दिला. त्यांनी दारातच घेतला, थँक यू म्हणाल्या, इंग्रजीत. आत ये म्हणाल्या नाहीत.

"आजी रागावला आहे का?" मुलीने विचारलं.

"हो."

"तुझ्यावर?"

"हो."

तिने आणखी विचारलं नाही, पण नवऱ्याने भांडी लावता लावता माझ्याकडे बघितलं, आणि तेही पुरेसं होतं.

सोमवारी मी मॅनेजरला सगळं सांगितलं. तिला मनापासून वाईट वाटलं. तिने आधी मावशींची चौकशी केली. मग म्हणाली, "पण ही एक केस आहे. आपण ईमेल पाठवली होती. बटण आहे."

"त्यांनी बटण कधी बघितलंच नाही. ते दाबलं नाही म्हणून आपण त्यांना 'चालेल' म्हणणाऱ्यांत मोजलं."

"तू अपसेट आहेस. समजू शकते. पण अपसेट असणं म्हणजे डेटा नाही."

ते बरोबरच होतं, म्हणून मी डेटा बघायला बसले. आलेख नाही, ते मी रोज बघत होते. आमच्याकडे ग्राहकांचे फोन घेणारी माणसं असतात. ती प्रत्येक फोनखाली एक-दोन ओळींची नोंद लिहितात. त्या नोंदी आमच्या टीमकडे येत नाहीत, कारण त्या बहुतेक गळलेल्या दुधाच्या आणि फुटलेल्या अंड्यांच्या असतात. मी परवानगी काढली आणि दोन दिवस नुसतं वाचत बसले. 'ग्राहक म्हणतात मी हे मागवलं नव्हतं.' 'ग्राहकाला पाऊच उघडता आला नाही, शेजाऱ्याने उघडून दिला.' 'ग्राहकाला वाटलं चुकून दुसऱ्याचं सामान आलं, ड्रायव्हरला परत दिलं.' 'ग्राहक दृष्टिहीन, बाटलीच्या आकारावरून ओळखतात, आता ओळखता येत नाही.' एका बाईंनी पाऊच फॅब्रिक कंडिशनर समजून वापरला होता. खूप नव्हत्या या नोंदी. पण माझ्या कल्पनेत ही माणसं एकसुद्धा नव्हती.

मी त्यातल्या काही नोंदी छापून मॅनेजरच्या टेबलावर ठेवल्या. तिने त्या जेवणाच्या सुट्टीत वाचल्या. दुपारी येऊन म्हणाली, "ठीक आहे. काय करायचं म्हणतेस?"

त्याच आठवड्यात मावशींची मेमरीची अपॉइंटमेंट होती. मला वाटलं होतं ती रद्द झाली असेल. शुक्रवारी सकाळी त्यांनी आमच्या दाराची बेल वाजवली. सगळे जिने काठी टेकत चढून आल्या होत्या, दम लागला होता.

"ठरलंच आहे तर जाऊन येते. मुलाला यायला जमत नाहीये. तू येशील?"

मी एवढंच विचारलं, किती वाजता.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. वजाबाकी करताना त्या मराठीत पुटपुटत होत्या, त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि मग इंग्रजीत उत्तर देत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, ही कुठली भाषा? "माय अदर वन," मावशी म्हणाल्या. सगळं ठीक निघालं. परतताना आम्ही हाय स्ट्रीटवर एका कॅफेत चहा घेतला आणि तिथे त्या म्हणाल्या, "तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण डॉक्टरकडे एकटीने जायचं नव्हतं."

"चालेल," मी म्हटलं.

मी त्यांना ऑफिसचं सांगितलं. आम्ही म्हाताऱ्या ग्राहकांना बोलावून पाऊच त्यांच्या हातात देऊन बघणार होतो. लोक शोधायला सुरुवात केली होती. त्या येतील का, असं विचारलं. त्यांनी चहा ढवळला, बराच वेळ.

"हे विचारते आहेस, की ठरवून टाकलंयस?"

"विचारते आहे."

"मग येते. टॅक्सी नको. ट्रेनने येईन, स्टॅनमोरलाच गाडी सुटते, बसायला जागा मिळते."

ठरलेल्या दिवशी त्या नेव्ही ब्लू कोट घालून, मोत्यांचे कानातले घालून आल्या. ज्युबिली लाइनने लंडन ब्रिजपर्यंत गेलो. ऑफिसात मोठ्या टेबलावर वेगवेगळ्या कंपन्यांचे पाऊच मांडले होते. आणखी तीन आजी आणि एक आजोबा होते. भिंतीशी आमची टीम वह्या घेऊन उभी. कुणीही मदत करायची नाही, नुसतं बघायचं, असं ठरलेलं.

पंधरा मिनिटं सगळे पाऊचशी झटत होते. प्लास्टिकची करकर तेवढी ऐकू येत होती. आजोबांनी एक पाऊच उघडला आणि शर्टावर सांडला. एक आजी पाऊचवरच्या सूचना डोळ्यांपासून लांब धरून वाचत राहिल्या, मग खाली ठेवून दिल्या. मावशींनी पहिला कोपरा चिमटीत धरला, ओढला, सोडला. दुसरा. तिसऱ्याला त्यांनी तोंडाजवळ नेलं आणि मग माझ्या मॅनेजरकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या, "हे दात माझे नाहीत, बाई. ते तुमच्या पिशवीवर खर्च करणार नाही."

सगळे हसले. पण पाऊच डिझाइन करणाऱ्या कंपनीकडून आलेला तरुण हसला नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे येऊन त्यांच्या हाताकडे बघायची परवानगी मागितली. त्यांनी बोटं पसरून दाखवली, कुठला सांधा वळतो, कुठला वळत नाही.

मॅनेजरने विचारलं, "उघडायला सोपं असतं तर रिफिल घेतलं असतं का तुम्ही?"

"अर्थात घेतलं असतं. मी बाटल्या, बरण्या, पिशव्या सगळं धुऊन परत वापरते. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून. मला रिफिल नको असं मी कधी म्हटलं? मला कुणी विचारलंच नाही."

मॅनेजरने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "आय ॲम सॉरी." ते नुसतं ऑफिसातलं सॉरी नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

परतीच्या ट्रेनमध्ये मावशी दमल्या होत्या. वेम्बली पार्कला गाडी रिकामी झाल्यावर त्यांनी बूट थोडे सैल केले आणि म्हणाल्या, "तुझी मॅनेजर वाईट नाहीये गं. लहान आहे फक्त."

"आणि मी?"

"तू लहान नाहीयेस," त्या म्हणाल्या. मग त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. नेहमीच्या यादीतली वस्तू न विचारता बदलायची नाही, असा नियम आमच्याकडे झाला. आता व्हॅनबरोबर एक कार्ड जातं, मोठ्या अक्षरात: रिफिल चालेल का, घरात जुनी बाटली आहे का. ड्रायव्हरला नुसतं हो-नाही सांगितलं तरी चालतं. काही ड्रायव्हरांनी कुरकुर केली, एक काम वाढलं म्हणून. ज्यांना परत जायचं होतं त्यांना आम्ही बाटली परत दिली, त्यामुळे आलेखावरची रेघ खाली आली, आणि अजून पूर्वीइतकी वर गेलेली नाही. वरच्या लोकांना ते आवडलं नाही. माझ्या मॅनेजरने दोन मीटिंगांत त्याचा बचाव केला, तिसरीला मला बरोबर नेलं. ज्यांनी स्वतः हो म्हटलं ते मात्र सहसा परत गेले नाहीत. स्क्रीनवर वस्तू वर-खाली मांडणं आम्ही अजून करतो. त्यात मला चूक वाटत नाही, कारण बघणारा माणूस तिथे बघत तरी असतो. कधीकधी नवरा या फरकावरून माझ्याशी वाद घालतो आणि मला त्याला नेहमीच पटवता येत नाही.

फिरकीच्या झाकणाचा पाऊच यायला जवळपास वर्ष गेलं. तोवर मावशींनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. व्हॅनवाल्याने कार्ड पुढे केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, रिफिल चालेल, पण बाटली मला एक हवी. बाटली मीच नेऊन दिली, आमच्याकडची. महिन्यातून एकदा रविवारी खाली जाऊन मी पाऊच त्यात ओतून देते. त्या समोर खुर्चीवर बसून बघतात, आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत पाऊच तळापासून मुडपून मुडपून पिळायला लावतात. मग पाऊच आतून धुऊन, पालथा करून, दोरीवर चिमट्याने अडकवतात. त्याचं पुढे काय करणार, असं मी एकदा विचारलं.

"अजून ठरवलं नाही," त्या म्हणाल्या. "चहा टाक."